विरघळणारा आधार : मोडलेलं हाड, तुटलेला स्नायुरज्जू आणि मध्ये बांधलेली परांची



मागच्या वर्षी पालकसभा संपल्यावर नववीतल्या एका मुलाची आई माझ्यासाठी थांबली होती. मुलगा कबड्डी खेळताना पडला, उजव्या हाताच्या कोपराखालची दोन्ही हाडं मोडली आणि ऑपरेशन करून धातूची पट्टी व स्क्रू बसवले. आता वर्ष होत आलं होतं. पट्टी काढायची तर पुन्हा भूल, पुन्हा चिरा. ती म्हणाली, "मॅडम, टाके विरघळणारे असतात ना? मग पट्टीच विरघळणारी का नाही घालत? तुम्ही सायन्स शिकवता म्हणून विचारते."

प्रश्न ऐकून मी गप्प बसले. खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. "वाचून सांगते" म्हटलं.

आणि त्याच सुमारास आमच्या क्रीडाशिक्षकांचा अपघात झाला. शिक्षकांच्या क्रिकेट सामन्यात धाव घ्यायला निघाले आणि मागे वळून ओरडले, "कोण लाथ मारतंय रे?" मागे कुणीच नव्हतं. टाचेच्या वरचा जाड स्नायुरज्जू तुटला होता. (पाठीमागून लाथ बसल्यासारखं वाटणं ही या दुखापतीची खूणच आहे, हे मला नंतर वाचून कळलं.) त्यांचंही ऑपरेशन झालं. आता गंमत बघा. ज्याची दोन हाडं मोडली तो मुलगा तीन महिन्यांत मैदानावर आला. आणि ज्यांची आपल्या भाषेत "नुसती नस तुटली" ते सर अकरा महिन्यांनीही एका पायावर टाच उचलू शकत नव्हते.

हाड मोडणं म्हणजे मोठं, नस तुटणं म्हणजे किरकोळ, असं आपण धरून चालतो. शरीराचा हिशेब उलटा आहे. तो का उलटा आहे हे समजलं की विरघळणाऱ्या आधारांचं सगळं शास्त्र समजायला सोपं जातं. म्हणून हा पाठ. सहावीला अस्थिसंस्था, नववीला ऊती आणि दहावीला मूलपेशी व धातू शिकवताना याचे तुकडे तुम्हाला वापरता येतील.

आधी हाड हातात घ्या

कोंबडीच्या तंगडीचं एक हाड स्वच्छ करून काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दर दिवसाआड व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांनी हाड बाहेर काढून मुलांना वाकवायला सांगा. ते रबरासारखं वाकतं. व्हिनेगरमधल्या आम्लाने हाडातलं कॅल्शियम निघून गेलं, उरला तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा. ज्या शाळेत हाड आणलेलं चालत नाही तिथे घरी केलेल्या प्रयोगाचा व्हिडिओ दाखवा. वाद घालत बसू नका, वेळ जातो.

वजनाने पाहिलं तर हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनलेलं हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. बाकी मुख्यतः कोलॅजेन आणि पाणी. स्लॅबमध्ये काँक्रीट दाब सोसतं आणि सळई ताण सोसते, तसं इथे खनिज दाब सोसतं आणि कोलॅजेन ताण सोसतं.

हाडाची खरी जादू मात्र पुढे आहे. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्या गाठीत पेशी शिरतात, कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो, आणि पुढे कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड जोडाला तासून, घडवून मूळ आकाराजवळ आणतं. शेवटी तिथे व्रण राहत नाही, पुन्हा *हाडच* तयार होतं. आपल्या शरीरात असं फार थोड्या ऊतींना जमतं. कातडीलाही जमत नाही, गुडघ्यावरचा लहानपणीचा वण अजून दिसतो ना?

मग अडचण कुठे येते? दोन टोकांमध्ये अंतर जास्त असेल तेव्हा. अपघातात हाडाचा तुकडाच गेला, गाठ काढताना हाड कापावं लागलं, किंवा जंतुसंसर्गाने हाड खाल्लं गेलं, तर दोन्ही टोकांच्या पेशींना मधली दरी ओलांडता येत नाही. दरीत व्रणाची ऊती भरते आणि हाड कायमचं तुटलेलं राहतं. यावर जुना आणि अजूनही भरवशाचा उपाय म्हणजे त्याच माणसाच्या कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून मधे भरणं. पण कमरेत किती हाड असणार? शिवाय जिथून काढलं ती जागा पुढे बरेच दिवस दुखते. कित्येक रुग्ण म्हणतात, पाय बरा झाला हो, पण कंबर ठणकते.

म्हणून कल्पना आली ती परांचीची.

परांची, पण सोडायला माणूस नाही

बांधकामावर गवंडी बांबूची परांची बांधतात. भिंत उभी राहिली, गिलावा झाला की परांची सोडतात. शास्त्रज्ञांनी हाच शब्द घेतला, इंग्रजीत त्याला स्कॅफोल्ड म्हणतात. शरीरात, दरीच्या जागी, सच्छिद्र अशी एक रचना ठेवायची. पेशी तिच्यावर चढतील, रक्तवाहिन्या तिच्या भोकांतून शिरतील, नवीन ऊती भरेल.

मला स्वतःला परांचीपेक्षा काकडीच्या वेलाचा मांडव जास्त जवळचा वाटतो, कारण वेल त्याच्यावर *चढतो*. पण दोन्ही उपमा एका जागी अडतात. परांची सोडायला माणूस असतो, मांडव मोडायला शेतकरी असतो. शरीरातली परांची सोडायला कुणी जाणार नाही. तिने स्वतःच विरघळून जायला हवं, आणि तेही योग्य वेळी.

या "योग्य वेळी" मध्येच सगळं अवघडपण आहे. लवकर विरघळली तर अर्धी भिंत कोसळेल. उशिरा विरघळली तर? वरवर वाटतं, बिघडलं कुठे, राहू दे. पण बिघडतं. १८९२ साली जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी मांडलं की हाड आपल्यावर येणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवतं. भार आला की जाड होतं, भार गेला की विरतं. पोलाद हाडापेक्षा साधारण दहापट ताठ असतं. मजबूत पट्टी सगळा भार स्वतःच पेलत राहिली तर खालचं हाड आळशी होतं, पातळ होतं. कर्त्या बापाच्या सावलीत मुलगा कमावता होत नाही, तसं. आदर्श आधार असा हवा की आज शंभर टक्के भार त्याने घ्यावा, पुढच्या महिन्यात ऐंशी, मग पन्नास, आणि हळूहळू सगळं ओझं हाडाकडे सोपवावं.

दुसरी ओढाताण आहे भोकांची. पेशी आत शिराव्यात म्हणून भोकं साधारण १०० मायक्रॉनपेक्षा मोठी हवीत, म्हणजे ढोबळमानाने एका केसाच्या जाडीएवढी. रक्तवाहिन्या नीट वाढायला ३०० मायक्रॉन असतील तर बरं. पण भोकं वाढवली की ताकद गेली. ब्रेडच्या तुकड्यावर कोण उभं राहणार?

बसमधला कर्नल

या क्षेत्रातली माझी सर्वांत आवडती गोष्ट सांगते. वर्गात सांगून बघा, मागचा बाकसुद्धा ऐकतो.

१९६७ साल. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच हे काचेवर संशोधन करणारे तरुण प्राध्यापक एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी बसला होता व्हिएतनाम युद्धावरून नुकताच परतलेला सैन्यातला एक कर्नल. हेंच त्याला आपलं काम सांगू लागले, प्रचंड किरणोत्सर्ग सोसूनही टिकणारे पदार्थ कसे बनवतो वगैरे. कर्नलने विचारलं, हे जमतं तर माणसाच्या शरीरात टिकेल असा पदार्थ का बनवत नाही? युद्धात हातपाय कापावे लागलेले सैनिक तो पाहून आला होता. त्या काळी शरीरात घातलेला धातू किंवा प्लास्टिक शरीर स्वीकारत नसे, त्याभोवती व्रणाचं आवरण तयार करून त्याला वेगळं पाडत असे.

हेंच यांनी विचार केला, हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, तर तेच घालून काच बनवू. १९६९ मध्ये सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची एक विशिष्ट काच तयार झाली. ती उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली. काही आठवड्यांनी ती काढायला गेले तर निघेना, हाडाशी एकजीव झाली होती! ही जगातली पहिली अशी कृत्रिम वस्तू की जिच्याशी हाडाने स्वतः नातं जोडलं. काचेच्या पृष्ठभागावरून क्षार सुटतात, त्यावर हाडासारखाच खनिजाचा थर जमतो आणि पेशी त्याला आपलं मानतात. आज हीच काच दातांच्या शिवशिवीवरच्या काही टूथपेस्टमध्येही असते.

आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा काचेवर आणि हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटवर बरंच काम झालं आहे. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणारं सच्छिद्र साहित्य तयार झालं. रेशमाकडे आपण परत येऊ.

विरघळतं म्हणजे नक्की काय होतं?

आता त्या आईच्या टाक्यांकडे वळू. विरघळणारे टाके जुनेच आहेत. सुश्रुतसंहितेत आतडं जोडताना मोठ्या काळ्या मुंग्यांना चावायला लावून त्यांची डोकी तशीच आत ठेवण्याचा उल्लेख येतो. (यावरून लगेच "आपल्याकडे सगळं होतंच" असा फॉरवर्ड बनवू नये, ही विनंती.) नंतर युरोपात कॅटगट आलं. नावात मांजर असलं तरी तो दोरा मेंढीच्या आतड्याचा असतो. आणि १९७० च्या सुमारास कारखान्यात बनवलेला दोरा आला, पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा. पाठोपाठ त्यात लॅक्टिक आम्ल मिसळलेले दोरे आले.

लॅक्टिक आम्ल मुलांना परिचयाचं आहे, दह्याची आंबट चव त्याचीच. या आम्लाचे रेणू माळेसारखे एकमेकांना जोडले की घट्ट प्लास्टिक तयार होतं. शरीरातलं पाणी ही माळ एकेका मण्याने तोडतं, सुटलेलं आम्ल पेशी वापरून टाकतात आणि शेवटी उरतं पाणी व कार्बन डायऑक्साइड, जो आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. पट्टी श्वासातून बाहेर जाते म्हटलं की मुलं डोळे मोठे करतात.

माळ कशाची आणि किती घट्ट विणलेली यावर वेळ ठरते. कातडीखालच्या टाक्यांचा नेहमीचा मिश्र दोरा दोन-सव्वादोन महिन्यांत नाहीसा होतो, त्याची निम्मी ताकद तर तीन आठवड्यांतच जाते. उलट शुद्ध, स्फटिकमय पॉलिलॅक्टिक आम्ल वर्षानुवर्षं रेंगाळतं. नेदरलँड्समध्ये गालाच्या हाडाला अशा पट्ट्या बसवलेले काही रुग्ण तीन वर्षांनी त्याच जागी सूज घेऊन परत आले. हाड केव्हाच जुळलं होतं, पण पट्टीचे बारीक स्फटिक संपत नव्हते आणि शरीर त्यांच्याशी भांडत होतं. आणि भराभर विरघळलं तरी पंचाईतच, एकदम सुटलेल्या आम्लाने आजूबाजूला दाह होतो.

धातूचं काय? इथे दहावीच्या क्रियाशीलता श्रेणीला जीव येतो. बेल्जियमचे शल्यचिकित्सक अल्बिन लांबोट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मुलाच्या मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी बसवली. मॅग्नेशियम शरीरात विरघळतं आणि अपाय करत नाही, कल्पना उत्तम होती. पण पट्टी ठोकायला खिळे वापरले पोलादाचे! दुसऱ्याच दिवशी पाय सुजला, कातडीखाली वायू भरला, आणि आठ दिवसांत पट्टीचा चुरा झाला. का, हे दहावीच्या मुलाला सांगता आलं पाहिजे. दोन वेगळे धातू आणि मधे खारट द्रव म्हणजे विद्युत घट झाला. जास्त क्रियाशील मॅग्नेशियम झपाट्याने झिजलं आणि हायड्रोजन सुटला.

प्रयोग करून दाखवता येतो. मिठाच्या पाण्यात मॅग्नेशियमची फीत नुसती ठेवा, आणि दुसऱ्या भांड्यात तीच फीत लोखंडी खिळ्याला गुंडाळून ठेवा. बुडबुड्यांतला फरक बघा. (जवळपास काडी, मेणबत्ती नको.) ही अडचण ओलांडायला पुढे शंभर वर्षं गेली. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा हळू विरघळणारा जर्मन बनावटीचा स्क्रू २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळवून बाजारात आला.

तर त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर असं जमलं. विरघळणाऱ्या पट्ट्या *आहेत*. लहान मुलांच्या कवटीच्या आणि चेहऱ्याच्या हाडांना त्या वापरतात, कारण तिथे भार कमी असतो आणि कवटी वाढत असताना आत धातू अडकलेला नको असतो. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये विरघळणारे स्क्रूही सर्रास वापरले जातात. पण हाताच्या दोन लांब हाडांना पीळ बसतो, वाक बसतो, आणि मुलगा चौदा वर्षांचा, स्वस्थ बसणारा नव्हे. तिथे प्लास्टिकची पट्टी वाकली किंवा तुटली तर दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा वाईट. डॉक्टरांनी धातू वापरला तो जुनाट विचारांचे म्हणून नाही.

हाड वाढवणारं औषध

थोडं याबद्दल, कारण पालकांच्या गटांवर याच्या जाहिराती फिरतात. १९६५ मध्ये अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड, म्हणजे आपलं व्हिनेगरमधलं हाड जवळजवळ, प्राण्याच्या *स्नायूत* ठेवलं तर तिथे नवीन हाड तयार होतं! त्यातल्या प्रथिनाचा शोध घेता घेता ते प्रयोगशाळेत बनवता आलं. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोलॅजेनच्या स्पंजात भिजवलेल्या या प्रथिनाला मणक्याच्या एका ऑपरेशनसाठी परवानगी दिली. झालं, लोकांनी ते मानेच्या मणक्यांतही वापरायला सुरुवात केली, जिथे परवानगी नव्हती. घसा सुजून श्वास अडकण्याचे प्रकार झाले आणि २००८ मध्ये प्रशासनाला इशारा काढावा लागला. नको तिथे हाड वाढल्याच्याही तक्रारी आल्या. परांची नुसती आधार देणारी असेल तर एक गोष्ट, तिच्यात औषध भरलं की ते कुठे, किती आणि केव्हा झिरपतं याची जबाबदारी येते.

आता सरांची टाच

स्नायुरज्जू म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध, ज्याला सगळे "लिगामेंट" म्हणतात. मुलं या दोन्हींत हमखास गोंधळ करतात, आणि आपण मोठे दोन्हींना "नस" म्हणून तो वाढवतो. नस नव्हे हो! नस म्हणजे रक्तवाहिनी किंवा चेता.

स्नायुरज्जूत खनिज नाही. कोलॅजेनचे तंतू एकाच दिशेने, समांतर, पिळाच्या दोरासारखे. तंतूंचे जुडगे, जुडग्यांची लड, लडींचा दोर. टाचेचा स्नायुरज्जू शरीरातला सर्वांत जाड असतो आणि धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठपट ताण येतो असं मानतात. पण या दोरात जिवंत पेशी फार विरळ आणि रक्तपुरवठा तुटपुंजा. घाव झाला तर मदत पोहोचणार कशी?

पोहोचते, पण घाईची मदत. शरीर भराभर दुसऱ्या प्रकारचं, बारीक आणि कमजोर कोलॅजेन टाकतं, तेही आडवंतिडवं. दोर तुटल्यावर मधे काथ्याचा बोळा कोंबावा तसं. पुढे महिनोन्‌महिने ते थोडं सरळ होत जातं, पण मूळ पीळ परत येत नाही. हाड हाडानेच बरं होतं, स्नायुरज्जू व्रणाने बरा होतो. सरांच्या अकरा महिन्यांचं कारण हे आहे, आळस नाही. शाळेत दोन-तीन जणांनी त्यांना टोमणे मारले होते, म्हणून मुद्दाम लिहिते.

इथे परांची हवी ती निराळी. हाडासाठी स्पंज चालतो, इथे दिशा असलेले धागे हवेत. एक पद्धत अशी की विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या द्रवाला हजारो व्होल्टचा दाब देऊन त्याचे केसाहून शेकडो पट बारीक धागे ओढायचे. जत्रेत म्हातारीचे केस बनवतात ना, दिसायला थोडंफार तसंच. हे धागे फिरत्या नळकांड्यावर समांतर गुंडाळले तर पेशी त्यांच्या दिशेने लांबट होऊन ओळीत बसतात. वेडेवाकडे पडू दिले तर पेशीही वेड्यावाकड्या. शेतात सरी पाडून दिली की रोपं ओळीत येतात, तसंच हे.

दुसरा रस्ता रेशमाचा. रेशमाच्या कोशातला चिकट डिंकासारखा थर काढून टाकला तर उरलेला धागा शरीराला मानवतो, हळूहळू ताकद सोडतो आणि ओढायला चिवट असतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने असे धागे पोलादी दोरखंडाच्या पद्धतीने टप्प्याटप्प्याने पिळून गुडघ्याच्या अस्थिबंधाइतका मजबूत दोर करून दाखवला. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवर होणाऱ्या टसर रेशमाचं वैशिष्ट्य आणखी वेगळं. त्याच्या प्रथिनात पेशींना पकडायला "हँडल" म्हणता येईल असा एक अमिनो आम्लांचा क्रम निसर्गतःच असतो, तुतीच्या रेशमात तो नसतो. आयआयटी खरगपूरमध्ये टसरवर या अंगाने पुष्कळ अभ्यास झाला आहे.

ऐकायला हे सगळं छान वाटतं. पण प्रयोगशाळेतून माणसाच्या खांद्यापर्यंत येताना काय होतं ते ऐका. डुकराच्या लहान आतड्याच्या अस्तरापासून, पेशी धुऊन काढून, एक पातळ पापुद्रा बनवला गेला. मुख्यतः कोलॅजेन, विरघळणारा, प्राण्यांवर चांगला चाललेला. खांद्याचे फाटलेले स्नायुरज्जू शिवून त्यावर हा पापुद्रा ठिगळासारखा लावायचा. अमेरिकेत ३० खांद्यांवर रीतसर चाचणी झाली, १५ जणांना ठिगळ, १५ जणांना नुसती शिवण. २००६ मध्ये निकाल आला. नुसत्या शिवणीतले ९ खांदे जुळले होते. ठिगळ लावलेले फक्त ४.

ठिगळाने उपयोग झाला नाही एवढंच नव्हे, त्याशिवायच बरं होतं! पापुद्रा फार लवकर ताकद सोडत होता, आणि काहींच्या खांद्यात जंतू नसतानाही दाह झाला. पुन्हा तोच वेळेचा मुद्दा. मला ही चाचणी वर्गात सांगायला फार आवडते, कारण तुलनेचा गट कशाला हवा हे दुसऱ्या कुठल्याही उदाहरणाने इतकं पटकन पटत नाही. नुसते ठिगळवाले १५ पाहिले असते तर "४ जण बरे झाले" अशी बातमी झाली असती.

सगळंच असं निराश करणारं नाही. बोस्टनच्या डॉ. मार्था मरी यांचं काम पाहा. गुडघ्यातला अस्थिबंध फाटला की तो आपोआप का जुळत नाही, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थिदशेपासून धरून ठेवला. उत्तर मिळालं की सांध्यातला द्रव रक्ताची गाठ टिकूच देत नाही. गाठ नाही, म्हणजे पेशींना पूल नाही. मग त्यांनी गायीच्या कोलॅजेनचा स्पंज घेतला, रुग्णाच्याच रक्तात भिजवला आणि दोन तुटक्या टोकांमध्ये बसवला. स्पंज रक्त धरून ठेवतो आणि साधारण आठ आठवड्यांत विरघळतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १०० जणांच्या चाचणीत नवीन पद्धत जुन्या पद्धतीच्या तोडीस तोड ठरली. मात्र पुन्हा फाटण्याचं प्रमाण नव्या पद्धतीत १४ टक्के, जुन्यात ६ टक्के होतं. चाचणी लहान, त्यामुळे हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण जाहिरातीत हा आकडा दिसणार नाही.

आणि पालकांनो, गाय, डुक्कर, मेंढी ही नावं वाचून ज्यांना अवघडल्यासारखं झालं असेल त्यांनी डॉक्टरांना बिनदिक्कत विचारावं, हे साहित्य कशापासून बनलं आहे? तो तुमचा हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

दोरी भिंतीत घुसते तिथे

सर्वांत अवघड जागा अजून राहिली. स्नायुरज्जू हाडाला जिथे चिकटतो तिथे मऊ दोर आणि कडक हाड यांच्यात निसर्गाने चार पायऱ्या केल्या आहेत. स्नायुरज्जू, मग कूर्चेसारखी ऊती, मग खनिज शिरलेली कूर्चा, मग हाड. हे सगळं जेमतेम मिलिमीटरभर जागेत. म्हणून दर पावलाला एवढा ताण येऊनही तिथे चीर पडत नाही. शल्यचिकित्सक दोर पुन्हा हाडाला शिवतात तेव्हा या पायऱ्या परत येत नाहीत, मधे व्रण येतो, आणि खांद्याच्या शिवणी पुन्हा फाटतात त्या बहुतेक इथेच. एका टोकाला खनिज आणि दुसऱ्या टोकाला समांतर धागे असलेल्या, मधे हळूहळू बदलत जाणाऱ्या परांच्या बनवण्याचं काम जगभर चालू आहे. अजून ते बरंचसं प्रयोगशाळेत आहे.

वर्गासाठी एक सोपी कृती. सुतळी एका बाजूला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वडीत सरळ गाडा. दुसरी सुतळी घ्या, तिचं टोक उकलून, पिंजून, फेविकॉलमध्ये भिजवून मग गाडा. वाळल्यावर दोन्ही वाकवून, ओढून बघा. पहिली कुठे सुटते, दुसरी कुठे, हे मुलांना वहीत चित्र काढून दाखवायला सांगा.

"उंदराच्या पाठीवर माणसाचा कान" हा फोटो मुलं हमखास घेऊन येतात. तो कान माणसाचा नव्हता आणि जनुकं बदलूनही केलेला नव्हता. विरघळणाऱ्या जाळीला कानाचा आकार देऊन तिच्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी वाढवल्या होत्या, आणि ती जाळी उंदराच्या कातडीखाली ठेवली होती. १९९७ साली प्रसिद्ध झालेलं ते काम म्हणजे परांचीचंच प्रात्यक्षिक.

त्या मुलाची पट्टी दिवाळीच्या सुट्टीत काढली. आईने दोन्ही पर्याय डॉक्टरांशी बोलून ठरवलं. सुट्टीनंतर तो पट्टी आणि सहा स्क्रू डबीत घालून वर्गात घेऊन आला, हातोहात फिरली. डॉक्टरांनी अजून काही आठवडे कबड्डी बंद ठेवायला सांगितली होती, त्यावर तो वैतागला होता. एका मुलीने विचारलं, "मॅडम, स्क्रू काढले त्या भोकांत काय भरलं?"

काहीच नाही, म्हटलं. रक्त भरलं. तेवढी दरी हाड स्वतः ओलांडतं, फक्त ते होईपर्यंत त्याच भोकांपाशी हाड पुन्हा मोडू शकतं, म्हणून कबड्डी बंद. क्रीडाशिक्षक दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ऐक रे बाबा," आणि जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी करत खाली मैदानाकडे गेले.